उत्साहात संपन्न

तालुक्याच्या वर्तमानपत्राचं आतलं पान उघडलं, की खेड्यापाड्यांतल्या हायस्कुलांच्या बातम्या एकाखाली एक लागलेल्या असतात. अमुक विद्यालयात वृक्षारोपण उत्साहात. तमुक विद्यालयात गुणवंतांचा सत्कार उत्साहात संपन्न. आषाढीला बालदिंडी, सप्टेंबरात शिक्षकदिन, जानेवारीत स्नेहसंमेलन, मग दहावीचा निरोप समारंभ, सगळं 'उत्साहात'. फोटोच्या मधोमध संस्थेचे अध्यक्ष, दोन्ही बाजूंना सरपंच, मुख्याध्यापक आणि प्रमुख पाहुणे. अगदी कडेला, निम्म्या कापल्या गेलेल्या, हातात औक्षणाचं ताट घेतलेल्या दोन मुली. पाहुण्यांच्या नावांना आठ ओळी मिळतात. मुलींसाठी एकच वाक्य असतं: 'विद्यार्थिनींनी स्वागतगीत सादर केले.'

बीड जिल्ह्यातल्या ज्या गावांत माझं काम चालतं, त्यांतल्या एका हायस्कुलाच्या गेल्या वर्षभरातल्या अशा बातम्या मी कापून एका वहीत चिकटवल्या. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा आहे. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आणि एका तांड्यावरून मुलं येतात. शाळेचं नाव देत नाही, कारण ही शाळा काही वाईट नाही. इमारत बरी आहे, शिक्षक वेळेवर येतात, निकाल चांगला लागतो. या शाळेत जे दिसलं ते तुमच्या तालुक्यातल्या शाळेतही दिसेल. म्हणून तर लिहायचं.

वही चाळताना कामाची वाटणी आधी डोळ्यांत भरते. बालदिंडीत मुली नऊवारी नेसून डोक्यावर तुळस घेऊन चालतात. पालखी, टाळ, मृदंग मुलांकडे. वृक्षारोपणाचे खड्डे मुलांनी खणले, रोपाला पाणी मुलींनी घातलं, आणि फोटोवाला गेल्यावर वर्षभर त्याच घालत राहिल्या. शिक्षकदिनाला दहावीच्या मुली साड्या नेसून 'बाई' होतात, पण त्या दिवसाचा मुख्याध्यापक दरवर्षी मुलगाच. रांगोळी, औक्षण, स्वागतगीत, पाहुण्यांचा चहा, हे सगळं मुलींचं. ध्वनिक्षेपक, मंडप, सूत्रसंचालन, ट्रॅक्टरमधून खुर्च्या आणणं मुलांचं. कुणी तसा नियम केलेला नाही. नियम असता तर त्याविरुद्ध बोलता आलं असतं. 'मुलींना आवडतं हो ते,' असं सर म्हणतात. नऊ वर्षं जे काम आपल्याकडेच आलं ते दहाव्या वर्षी आवडतंच, हे आपण सगळ्याजणी आपापल्या स्वयंपाकघरात अनुभवलेलं आहे.

एक कात्रण मात्र वेगळं आहे. मुलींच्या कबड्डी संघाने तालुका पातळीवर पहिला क्रमांक काढला. फोटोत बाराही मुली, नावांसकट, आणि ताट कुणाच्याही हातात नाही! पुढची, म्हणजे जिल्हा पातळीवरची बातमी वहीत नाही, कारण ती छापूनच आली नाही. जिल्ह्याला आठ मुली गेल्या. मुक्काम पडणार म्हणून तिघींच्या घरून 'नाही' आलं. शाळेत बाई एकच, त्यांना येता येईना, म्हणजे सोबत जायला फक्त सर. आणि एकीचं लग्न जमलं होतं. खेळणारी चांगली होती, चढाईला जायची. तिचं नाव तालुक्याच्या बातमीत छापलेलं आहे, म्हणून मला सापडलं. बाकीच्या अशा मुलींची नावं कुठेच छापलेली नसतात.

तेव्हा मी कात्रणांची वही बाजूला ठेवली आणि शाळेच्या हजेरीपटाकडे वळले. शाळेतली खरी बातमी तिथे असते.

त्याआधी थोडं बसविषयी बोलायला हवं. मुलींच्या शाळेबद्दलच्या चर्चेत आपण बापाची मानसिकता, सासरची मानसिकता असं पुष्कळ बोलतो आणि बसचं वेळापत्रक विसरतो. या शाळेत पाच वाजता घंटा होते आणि तांड्याकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला. खेळाचा सराव, नाटकाची तालीम, स्कॉलरशिपचा जादा तास, सगळं पाचनंतर. मुलगा थांबतो, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. मुलीला थांबता येत नाही. म्हणजे शाळेतल्या 'उपक्रमां'त कोणत्या मुली दिसणार हे गुणांवर ठरत नाही, त्या गावातल्या गावात राहतात की वस्तीवर, यावर ठरतं. मुलींना एसटीचा पास फुकट आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या सुरू झाल्या, सायकली वाटल्या गेल्या, आणि त्याचा उपयोग झाला. ज्या वस्त्यांना गाडी लागली तिथल्या मुली दहावीपर्यंत पोचल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. उलटंही पाहिलंय. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्या घरांतही बायका-मुली होत्या, हे मान्यच. पण कोरोनात दीड वर्ष बंद असलेल्या शाळा नुकत्या उघडल्या होत्या. मुलगे वडापच्या जीपला लोंबकळून शाळेत गेले. मुली घरी राहिल्या. घरी राहिलेली चौदा वर्षांची मुलगी म्हणजे पाहुण्यांना बोलणी करायला मोकळी मुलगी.

आता पटाकडे. मार्च २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला राज्यात १६,११,६१० विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. त्यात मुलगे ८,६४,१२०, मुली ७,४७,४७१ आणि १९ तृतीयपंथी. मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला, मुलांचा ९२.३१. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मथळा ठरलेला: 'यंदाही मुलींचीच बाजी'. मैत्रिणींनो, हा मथळा वाचून आपल्यालाही बरं वाटतं. पण बाजी मारणाऱ्या मुली मुळात सव्वा लाखाच्या आसपास कमी का आहेत, हे त्या मथळ्याखाली कधी येत नाही. हजार मुलांमागे ८६५ मुली परीक्षेच्या यादीत. २०११ च्या जनगणनेत हीच मुलं शून्य ते सहा वयोगटात मोजली गेली होती आणि तेव्हा महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात फक्त ८०७. (परीक्षेच्या यादीत पुन्हा बसणारे असतात आणि त्यात मुलगे जास्त, म्हणून दोन्ही आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण दिशा दिसते.) या जिल्ह्यातल्या वर्गांत मुलींचं बाक आधीच रिकामं होतं. त्या जन्मालाच आल्या नाहीत. परळीचं गर्भलिंगनिदानाचं प्रकरण २०१२ मध्ये उघडं पडलं, तेव्हा या मुली अंगणवाडीच्या वयाच्या होत्या. जन्मून, जगून, सातवी-आठवीपर्यंत आलेल्या मुलींमधूनही काहीजणी निघून जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघालं. बीडमध्ये ४३.७, शेजारच्या परभणीत ४८.

कारण सगळ्यांना माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. पोराचं लग्न केलं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. पोरीच्या बापाचा हिशेब दुसरा आहे. पाच-सहा महिने तिला गावात म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची की फडावर न्यायची? फडावर कोपीला दार नसतं, आंघोळीला आडोसा नसतो. गावात ठेवली तर 'काही झालं तर' ही भीती. एका आईने मला सरळ विचारलं होतं, "ताई, तुम्ही ठेवता का तिला तुमच्यापाशी? मग नाही करत लग्न." हा टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर 'बालविवाह हा गुन्हा आहे' असं होऊ शकत नाही. त्याचं उत्तर वसतिगृह आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. ४१ तालुक्यांत प्रत्येकी एक मुलांचं, एक मुलींचं, अशी ८२. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालतात. पण आठवीनंतरची मुलगी, म्हणजे नेमकी धोक्याच्या वयातली, हंगामी वसतिगृहातून बाहेर आणि तालुक्याचं वसतिगृह दूर. कुठल्या गावातल्या किती मुलींना जागा लागणार हे सप्टेंबरातच माहीत असू शकतं. त्यासाठी कोणी तरी पट वाचायला हवा.

आणि पट खरं बोलायला हवा. इथे एक गोष्ट आपल्यापैकी शहरातल्या मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल. शाळेत किती शिक्षक राहणार हे पटावरच्या संख्येवर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की एखादे सर 'अतिरिक्त' ठरतात. त्यामुळे नोव्हेंबरात गेलेल्या मुलीचं नाव काढायची घाई कुणालाच नसते. ती हजेरीत 'गैरहजर' म्हणून राहते, कधी कधी तर हजरही! मग वर्षअखेरीस ती ऑनलाइन नोंदीतल्या 'ड्रॉप बॉक्स' नावाच्या कप्प्यात सरकवली जाते, म्हणजे पेटीत टाकून झाकण लावायचं. लग्न झालं, असा रकाना त्या नोंदीत कुणी भरत नाही. शिक्षकांवर राग काढण्यात अर्थ नाही. निवडणूक, सर्वेक्षणं, आधार जुळवणी आणि वर रोजची ऑनलाइन माहिती यांत ते बुडालेले असतात. शिवाय त्यांना त्याच गावात राहायचं असतं. तरीही एक मात्र स्पष्ट म्हणायला हवं. मुलीचं लग्न जमतंय हे गावात सर्वांत आधी वर्गशिक्षकांना आणि तिच्या मैत्रिणींना कळतं. ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांना कळतं ते मांडव पडल्यावर, नाहीतर कळूनही कळत नाही. आणि मुलीच्या वयाचा पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतो. निर्गम उतारा द्यायला 'उद्या या' म्हटलं, की उद्यापर्यंत लग्न लागून जातं.

मागच्या काही वर्षांत आणखी एका बातमीची भर पडली आहे: 'बालविवाह रोखला'. पोलीस, चाइल्डलाइनचे १०९८ वरचे कार्यकर्ते, आई-वडिलांचं हमीपत्र, फोटो. अशी प्रत्येक बातमी आपल्याला हवीच आहे, आणि रात्री-अपरात्री फोन करणाऱ्या मुलीचं धाडस मोठं आहे. पण या बातमीचाही दुसरा भाग छापून येत नाही. हमीपत्र फाइलला लागतं. गावात बदनामी मुलीची होते, 'मंडपातून उठवलेली' म्हणून. तिला कुणी शाळेत परत आणून बसवत नाही आणि दोन-तीन महिन्यांनी मावशीच्या गावी, रात्रीच्या वेळी, दहा माणसांत अक्षता पडतात. लग्न थांबवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यानंतरची तीन वर्षं ती मुलगी कुठे बसणार, कुणासोबत जाणार-येणार, काय शिकणार, हे खरं काम. लग्न रोखण्याचे आकडे मोजणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आणि संस्थेने शेजारी दुसरा रकाना आखावा: त्यांपैकी किती मुली पुढच्या जूनमध्ये वर्गात होत्या?

लग्न होऊन गेलेल्या मुलींबद्दल तर आपण बोलतच नाही. तीन जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली, अर्थात उत्साहात. नववीतली एक मुलगी सावित्रीबाई झाली होती. शेण अंगावर झेललं, न डगमगता संवाद म्हटले, पाहुण्यांनी बक्षीस दिलं. एप्रिलमध्ये ती वार्षिक परीक्षेला नव्हती. आता सावित्रीबाईंचं स्वतःचं लग्न १८४० मध्ये, नवव्या वर्षी झालं होतं आणि त्यांचं शिक्षण त्यानंतरचं आहे, हे आपण भाषणांत सांगतो. पण गळ्यात मंगळसूत्र असलेली मुलगी वर्गात बसायला आली तर शाळेला काय वाटतं? 'बाकीच्या मुलींवर परिणाम होईल.' कोणत्याही कायद्याने विवाहित मुलीला शाळा बंद केलेली नाही. लग्न बेकायदा आहे, तिचं शिकणं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तिला, तिच्या आईला आणि पुष्कळदा सरांनाही आठवत नाही. २०२४ पासून सरकारने मुलींची व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची फी माफ केली, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. चांगलं केलं. पण इंजिनिअरिंगच्या दारापर्यंत जायला मधे दहावीचा उंबरठा आहे आणि या मुली तिथेच थांबल्या आहेत.

शाळेच्या अंगणात आपल्या गटांना शिरायला जागा आहे का? आहे, पण ती हळदी-कुंकवाची आहे. संक्रांतीच्या सुमाराला 'माता-पालक मेळावा' होतो. त्यात उखाणे, संगीत खुर्ची, वाण आणि मुख्याध्यापकांचं संस्कारांवर भाषण. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात, यावर अवाक्षर नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत मुलींचे कपडे उतरवून पाळीची तपासणी केल्याचं प्रकरण गाजलं. स्वच्छतागृहाबद्दल शाळा आणि आया मोकळेपणाने बोलत नसतील, तर मुलींनी कुणाकडे जायचं? शिवाय हळदी-कुंकू म्हटलं की विधवा आया येत नाहीत, आणि शेतकरी आत्महत्यांच्या या पट्ट्यात एकटीने मुली वाढवणाऱ्या आया म्हणजे बहुतेक त्याच. त्यांच्याच मुलींचं शिक्षण पहिल्यांदा सुटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो राज्यभर कळवला. शाळेच्या मेळाव्याला नुसतं 'आयांची सभा' म्हटलं तरी तो ठराव आपल्या गावात निम्मा अमलात येईल.

कागदावर आपल्याला याहून मोठी जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. अनुदानित शाळेत या समितीला फक्त सल्ल्याचा अधिकार आहे, पण प्रश्न विचारायला तेवढा पुरतो. मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, तिची पुन्हा आठवण झाली आणि फलक लागले. फलकावरच्या बायकांना आपण समितीत आहोत हे माहीत आहे का, एवढं एकदा घरोघर जाऊन विचारून पाहा. आमच्या गावात दोघींना नव्हतं. त्यांतली एक फडावर होती.

आम्ही यंदा एकच मागणी धरली आहे. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात, त्यात एक परिच्छेद वाढवावा. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुली होत्या, आज दहावीला किती आहेत आणि बाकीच्या कुठे आहेत. नावं नकोत, नावांची बदनामी होते. संख्या आणि कारण हवं. दुसऱ्या शाळेत गेली, फडावर गेली, लग्न झालं, घरी आहे. अध्यक्षांसमोर, सरपंचांसमोर, ध्वनिक्षेपकावरून. यासाठी पैसा लागत नाही, शासननिर्णय लागत नाही. मागणी ऐकून संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, "आनंदाच्या कार्यक्रमात हे कशाला?" त्यांना बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी उत्तर दिलं, "मग दुःखाचा कार्यक्रम ठेवा, आम्ही येतो."

समितीच्या मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी 'माहिती घेऊन पुढच्या वेळी सांगतो' असं म्हटलं आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं आहे. पुढची बैठक कोयते निघायच्या आधी घ्यायची असं ठरलंय, कारण नंतर आयाच गावात नसतात. त्या दिवशी गटातल्या अकराजणी रोजगार बुडवून शाळेत येणार आहेत. कबड्डीच्या संघातली, जिल्ह्याला न गेलेली एक मुलगीही येते म्हणाली आहे. आजूबाजूच्या चार हायस्कुलांतही हाच प्रश्न विचारायचा आहे. तिथे कुणाची ओळख असेल तर कळवा.